लाल दिवा लागलेला असताना

घरात फायबरचं इंटरनेट असेल, तर भिंतीवरच्या त्या छोट्या डबीकडे एकदा नीट पाहा. तिच्यावर चार-पाच दिवे असतात आणि त्यांतल्या एकाजवळ ‘एलओएस’ अशी अक्षरं असतात. सगळं सुरळीत असताना हा दिवा विझलेला असतो. तो लाल होऊन लुकलुकायला लागला, की समजावं, केसाएवढ्या काचेच्या तंतूतून येणारा प्रकाश डबीपर्यंत पोचत नाही. रस्ता खोदताना तार तुटली असेल, गच्चीवर दुमडली असेल, जिन्यातल्या पेटीत जोड निसटला असेल. अशा वेळी ग्राहक मदतकेंद्राला फोन लावतो, भाषेसाठी एक आकडा दाबतो, तक्रारीसाठी दुसरा दाबतो, बराच वेळ संगीत ऐकतो, आणि अखेर पलीकडून विचारणा होते, ‘सर, राउटर बंद करून पुन्हा चालू केला का?’ बाहेर तुटलेली तार घरातला राउटर बंद-चालू करून जोडली जात नाही. ग्राहकाचा संताप होतो आणि तो निघतो फोनवरच्या मुलावर. त्या मुलाला मी दोष देणार नाही. समोरच्या पडद्यावरच्या पायऱ्या क्रमानं वाचायच्या, एकही गाळायची नाही, हे त्याचं काम त्याला ठरवून दिलेलं आहे. दोष या व्यवस्थेच्या रचनेत आहे. दुरुस्ती झाली की नाही हे ठरवण्याचा अधिकार आज, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्याच हातात आहे. आणि बंद पडलेल्या दिवसांचा भुर्दंड त्याच्यावर आपोआप पडत नाही. या दोन गोष्टी बदलल्याखेरीज मदतकेंद्रातली मुलं कितीही गोड बोलली तरी उपयोग नाही.

कोणी म्हणेल, कंपनीला तरी बसल्या जागी कसं कळणार की तुमच्या घरी नेमकं काय बिघडलंय? तर तिला कळतं, आणि बहुतेकदा ग्राहकाच्या आधी कळतं. फायबरच्या जाळ्यात कंपनीच्या केंद्रावर एक मुख्य यंत्र असतं. तिथून निघालेला एक तंतू वाटेत स्प्लिटर नावाच्या छोट्या भागात विभागला जातो आणि ३२ किंवा ६४ घरांपर्यंत पोचतो. प्रत्येक घरातली डबी या यंत्राशी सतत बोलत असते. तिच्यापर्यंत किती प्रकाश पोचतोय याचा आकडाही यंत्राला मिळतो. एवढंच काय, घरातली वीज गेली तर डबी विझण्याआधी, उरल्यासुरल्या विजेवर, एक शेवटचा संदेश धाडते. तंत्रज्ञ त्याला ‘डाइंग गॅस्प’, म्हणजे शेवटचा श्वास, म्हणतात. हा संदेश येऊन डबी गप्प झाली तर वीज गेली. काही न सांगताच गप्प झाली तर तार तुटल्याचा संशय पक्का. एकाच स्प्लिटरवरची सगळी घरं एकदम गप्प झाली तर बिघाड स्प्लिटरच्या अलीकडे, केंद्राच्या बाजूला. एकच घर गेलं तर त्या घराच्या तारेत. इतकी माहिती यंत्रात असताना ती मदतकेंद्राच्या पडद्यावर पोचवायची की नाही, हा कंपनीचा निर्णय असतो. ती तिथं पोचलेली असती, तर लाल दिव्यासमोर बसलेल्या आजीबाईंना डबीचं बटण शोधायला कोणी लावलं नसतं. राउटर बंद-चालू करून सुटणाऱ्या तक्रारी पुष्कळ असतात, हे मला मान्य आहे. एलओएसचा दिवा विझलेला असेल, प्रकाश नीट पोचत असेल आणि तरीही वेग येत नसेल, तर तो प्रश्न जरूर विचारावा.

आता तक्रार ‘बंद’ होण्याकडे वळू. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावा लागतो. सेवेच्या दर्जाचे ब्रॉडबँडसाठीचे नियम त्याच्याही आधी, २००६ मध्ये आले. त्यांत ९० टक्क्यांहून अधिक बिघाड पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत दुरुस्त व्हावेत, अशी अट होती. हेतू चांगलाच होता. पण दुरुस्ती किती वेळात झाली हे मोजायचं कशावरून, तर तक्रार केव्हा बंद झाली यावरून; आणि ती बंद करायची कंपनीनंच. मग व्हायचं तेच होतं. संध्याकाळी मोबाइलवर संदेश येतो की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. डबीवर दिवा लालच. ग्राहक पुन्हा फोन करतो, नवा क्रमांक मिळतो आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. पाच दिवस बंद असलेलं इंटरनेट कागदावर एकेका दिवसाच्या लहान तक्रारींत वाटलं जातं. याचा परिणाम थेट खिशावर होतो. २०२४ च्या नव्या नियमांतही फायबरसारख्या स्थिर जोडणीचा बिघाड तीन दिवसांपेक्षा जास्त रेंगाळला तरच भाड्यात सूट मिळते. क्रमांकच बदलत राहिला, तर ते तीन दिवस मोजायचे कुठून? घरी गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस ओटीपी मागतो. तो दिल्यावरच सिलिंडर पोचला अशी नोंद होते. इंटरनेटची तक्रारही ग्राहकाच्या ओटीपीनंच बंद व्हावी, किंवा केंद्रावरच्या यंत्रात त्या डबीचा प्रकाश परत आल्याची नोंद असावी. यातलं काहीही तंत्राच्या दृष्टीनं अवघड नाही.

दुसरी मागणी आपोआप भरपाईची. ती ऐकून काहींना वाटेल, हे आपल्याकडे चालायचं नाही. पण आपल्याकडे ते चालू आहे. एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून मात्र वजा झाले, तर पाच दिवसांत ते परत जमा करावेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये द्यावेत आणि त्यासाठी ग्राहकाच्या तक्रारीची वाट पाहू नये, असं रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच बजावलं. विजेच्या ग्राहकांच्या हक्कांविषयी केंद्रानं २०२० मध्ये नियम केले, त्यांतही आपोआप भरपाईचं तत्त्व आलं. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०१९ पासून मोठ्या कंपन्यांनी अशीच योजना स्वीकारली. जोडणी पूर्ण बंद पडली आणि कामाच्या दोन दिवसांत सुरू झाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला आठ पौंड. ठरल्या वेळी तंत्रज्ञ आला नाही, तर २५ पौंड, असे तिचे सुरुवातीचे दर होते. न आलेल्या माणसाची किंमत कंपनीला मोजावी लागते, हा त्यातला सगळ्यात मोलाचा भाग मला वाटतो. आपल्याकडे ‘दुपारपर्यंत येतो’ या शब्दावर लोक अर्ध्या दिवसाची रजा टाकतात, आणि त्या रजेची नोंद कंपनीच्या कुठल्याच कागदावर नसते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. महिन्याला पाचशे-सहाशे रुपयांत इतकं इंटरनेट जगात फार थोड्या ठिकाणी मिळतं, मग सेवेची एवढी अपेक्षा का? दर कमी आहेत, हे खरंच. पण त्याच पैशांत मिळणाऱ्या जोडणीवर मुलांचा अभ्यास आणि घरून नोकरी चालते, दुकानदाराचं क्यूआर चालतं, डॉक्टरांशी बोलणं होतं. स्वस्त धान्य म्हणून वजनात मारलेलं चालत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तार तोडतो महापालिकेचा जेसीबी, मग दंड कंपनीला का? खोदणाऱ्यानं आधी कळवावं, यासाठी केंद्र सरकारनं २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप काढलं. त्याचा वापर सक्तीनं व्हायला हवा आणि तार तोडणाऱ्याकडून कंपनीला वसुलीही करता यायला हवी. मात्र तो हिशेब कंपनी आणि खोदणारा यांच्यातला आहे. झाडावरून, गच्चीवरून, विजेच्या खांबावरून लोंबती तार कोणी टाकली, हाही प्रश्न त्यात येईलच. राहता राहिला बाजाराचा आक्षेप, की पटत नसेल तर कंपनी बदला. अनेक सोसायट्यांत एकाच केबलवाल्याची तार आत येते, आणि तालुक्याच्या गावी तर बदलायला दुसरं काही नसतंच.

मग दाद मागायची कुठं? ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिच्या कायद्यात ते कामच नाही. कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत जाता येतं. त्यानं ३९ दिवसांत निकाल द्यावा असा नियम आहे, पण तो प्राधिकारी कंपनीचाच. बँकेच्या ग्राहकाला १९९५ पासून लोकपाल आहे, महाराष्ट्रातल्या वीजग्राहकाला मुंबई आणि नागपूर इथं लोकपाल आहेत. दूरसंचारसाठी ट्रायनं २००४ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये लोकपालाची शिफारस केली. तो अजून आलेला नाही. ग्राहक न्यायालयाचं दारही २००९ च्या एका निकालानं जवळजवळ बंद केलं होतं. ते १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा उघडलं. आता राहत्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. तरी बुडालेल्या शंभर रुपयांसाठी तारखांना कोण जाणार? भरपाई मागावी न लागता मिळाली पाहिजे, असा माझा आग्रह आहे तो याचसाठी. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ग्राहकांच्या वादांसाठी ऑनलाइन यंत्रणेची तरतूद आहे. तिचे नियम नेमके हवेत: तक्रार ग्राहकाच्या होकाराशिवाय बंद होऊ नये, आणि बंद दिवसांचे पैसे पुढच्या बिलातच वजा व्हावेत.

तोवर, श्रोतेहो, लाल दिव्याचा फोटो काढून ठेवा, प्रत्येक तक्रारीचा क्रमांक तारखेसह वहीत लिहा, आणि तक्रार बंद झाल्याचा कंपनीचा संदेश मोबाइलमधून पुसू नका. आयोगापुढे तो संदेश आणि तो फोटो शेजारी शेजारी ठेवता येतात. दोन्हींवर वेळ असते.