बांधाची खांड आणि संगणकाचं जाळं

मी उलव्याहून बोलते आहे.

गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न सारखा येतो. "ताई, नेटवर्क सिक्युरिटी म्हणजे काय ओ? आमच्याकडे तर रेंजच नसते, मग राखण कसली करायची?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या बोलण्यात नेटवर्क म्हणजे रेंज. संगणकवाल्यांच्या बोलण्यात नेटवर्क म्हणजे जाळं. दोन यंत्रं एकमेकांना जोडली की जाळं तयार झालं. तुमचा फोन, अध्यक्षताईंचा फोन, दुकानातलं वायफायचं खोकं, बँकेचा संगणक, हे सगळे त्याच जाळ्यातले धागे. त्याची राखण समजून घ्यायला लांब जायला नको. आपल्या उशाशी घडलेलीच गोष्ट आहे.

उलव्याहून गव्हाण फाट्याने पुढे गेलं की न्हावा शेवाचं बंदर लागतं, ज्याला आपण जेएनपीटी म्हणतो. तिथली टर्मिनलं वेगवेगळ्या कंपन्या चालवतात. त्यातलं एक डेन्मार्कच्या मर्स्क समूहाच्या कंपनीकडे आहे. २७ जून २०१७ ला, मंगळवारी, त्या टर्मिनलचे संगणक बंद पडले. कुठला कंटेनर कुठल्या थप्पीत आहे, कुठल्या ट्रेलरवर चढवायचा, कुठल्या जहाजात जायचा, हे सगळं संगणक सांगायचा. तो मुका झाल्यावर कामं हाताने करायची वेळ आली. कंटेनर साचले, ट्रेलर खोळंबले. शेजारची टर्मिनलं मर्स्कच्या जाळ्यात नव्हती, त्यांचं काम चालू राहिलं. बंदर एकच, समुद्र एकच, पण जाळं वेगळं म्हणून ती वाचली.

आता नीट ऐका. हा हल्ला आपल्या बंदरावर केलेलाच नव्हता. तो होता युक्रेन देशावर. तिथे हिशोब आणि कर भरण्यासाठी एक प्रोग्रॅम घरोघरच्या धंद्यात वापरला जायचा. हल्लेखोर तो प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीच्या संगणकात शिरले आणि नेहमीच्या अपडेटमधून विष सोडलं. त्या विषाला पुढे नॉटपेट्या हे नाव पडलं. मर्स्कच्या युक्रेनमधल्या कार्यालयात तो हिशोबाचा प्रोग्रॅम होता. तेवढं पुरलं. तिथून कंपनीच्या जाळ्यातून ते जगभर पसरलं आणि थेट न्हावा शेव्यात उतरलं. पडद्यावर ३०० डॉलरची खंडणी मागितलेली दिसायची, पण पैसे भरूनही फायली परत मिळण्याची सोयच त्यात ठेवलेली नव्हती. खंडणी नुसता देखावा होता, हेतू नासधूस करण्याचा होता.

खारेपाटातल्या बायांना पुढचं सांगायची गरज नाही. समुद्राकडचा बांध सगळ्या गावाचा असतो. खेकड्याने एक बीळ पाडलं, उधाणाला तिथे खांड पडली, तर खारं पाणी त्या एका शेतकऱ्याच्या बांधाशी थांबतं का? देशावरच्या मैत्रिणींसाठी सांगते, खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. आणि बांधाला जी झडप असते, आतलं पाणी ओहोटीला बाहेर सोडते आणि भरतीला बंद राहते, तिला आमच्याकडे उघाडी म्हणतात.

संगणकालाही अशा उघाड्या असतात. त्यांना म्हणतात पोर्ट, म्हणजे बंदरच! प्रत्येकाला नंबर असतो. नॉटपेट्या ज्या वाटांनी पसरलं, त्यातली एक ४४५ नंबरच्या पोर्टमधून जात होती. एका संगणकाने दुसऱ्याची फाईल उघडायची, त्यासाठीचा तो दरवाजा. विंडोजमध्ये तिथे बीळ होतं. ते बुजवायची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती, म्हणजे तीन महिने आधी. ज्यांनी ती केली नव्हती त्यांच्याकडे विष शिरलं. पण एवढ्यावर भागलं नाही. आत शिरल्यावर ते त्या संगणकात साठवलेले पासवर्ड उचलायचं आणि त्यांच्या जोरावर शेजारच्या, दुरुस्ती केलेल्या संगणकातही जायचं. आपलं शेत आपण नीट राखलं, पण मधले बांधच नसतील तर काय उपयोग? फायरवॉल म्हणतात ती ही उघाडी आणि हे मधले बांध. कोणाला कोणाकडे जायची वाट ठेवायची आणि कोणती बंद करायची, नेटवर्क सिक्युरिटीचा पहिला धडा तोच आहे. बाकीचे मोठमोठे शब्द नंतर येतात.

मर्स्क सावरली कशी, हेही ऐकण्यासारखं आहे. सुमारे दहा दिवसांत त्यांनी ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे केले. पण आपल्या जाळ्यात कोण कोण आहे, कोणाला काय मुभा आहे, ही नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर पुसले गेले होते. एक तेवढा उरला, आफ्रिकेतल्या घाना देशात. का? तर हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यातून तुटलेला होता! आपण लोडशेडिंगला इतक्या शिव्या देतो, तिथे तिनेच कंपनी वाचवली. पण एवढ्या मोठ्या कंपनीने नशिबावर राहावं हे बरं नव्हे. एक प्रत जाळ्याबाहेर ठेवायची, हे ठरवून करायचं काम आहे.

मग आपल्या गटाचं काय? आपल्याकडेही तीच तऱ्हा चालते. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका येते, नाहीतर गाडीच्या चलनाची नोटीस. नाव ओळखीच्या बाईचं. पण फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, ते अख्खं अॅप असतं. ते बसवलं, मागेल त्या परवानग्या दिल्या, की तुमचे मेसेज वाचतं, बँकेचा ओटीपीही. पुढे तुमच्याच नावाने बाकीच्यांना तेच पाठवलं जाऊ शकतं. म्हणून "तिच्याकडून आलंय, म्हणजे बरोबरच असेल" हा हिशोब इथे चालत नाही. तिला फोन करून विचारा. फोन केल्याने कुणाला राग येत नाही, आलाच तर येऊ दे.

मग अपडेट करायचे की नाही, युक्रेनमध्ये विष अपडेटमधूनच आलं ना? असं मला एका बैठकीत विचारलं, आणि रास्त विचारलं. करायचे. पण फोनच्या सेटिंगमधून किंवा प्ले स्टोअरमधून. मेसेजमध्ये आलेल्या दुव्यावरून कधीच नाही.

गटाच्या कार्यालयात किंवा गिरणीवर वायफाय असेल तर त्याच्या खोक्याला दोन पासवर्ड असतात. एक वायफायला जोडायचा, तो आपण बदलतो. दुसरा खोक्याच्या आतल्या सेटिंगचा, तो बऱ्याचदा बसवून दिल्या दिवशीचाच राहतो. बसवणाऱ्या मुलाला समोर बसवून तो बदलून घ्या, आणि गिऱ्हाइकांसाठी 'गेस्ट' नावाचं वेगळं वायफाय चालू करून मागा. बहुतेक नव्या खोक्यांत ती सोय असते. गिऱ्हाइकाचा फोन आणि गटाचा हिशोब एका जाळ्यात नकोत. हाच तो मधला बांध. गटाच्या बँकेचं अॅप ज्या फोनमध्ये आहे, तो मुलांच्या हातात खेळायला देऊ नका. भांडण होईल घरात, होऊ द्या.

आणि नोंदवही. सगळं अॅपमध्ये भरलं जातं, मग वही कशाला, असं काही गटांत म्हणतात. माझं मत उलटं आहे. बचत, कर्ज, परतफेड, तिन्ही दर बैठकीला शाईने लिहा, सह्या घ्या आणि वही दुसऱ्या घरात ठेवा. फोन गेला तरी हिशोब तिथून उभा करता येतो. आपलं घाना ते.

काही विपरीत घडलंच, तर आधी फोनचं इंटरनेट आणि वायफाय बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून १९३० ला फोन लावा. सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी नंबर आहे. लगेच बँकेला कळवा. घरच्यांना काय वाटेल म्हणून रात्र काढू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थोपवता आले तर आले, नंतर अवघड होतं. नंबर पुन्हा सांगते, लिहून घ्या, वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला: एक, नऊ, तीन, शून्य.