उसनवारीचे शब्द



या व्यासपीठावरून आपण विद्वानांची व्याख्याने ऐकता. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके बोट ठेवून वाचता वाचता. तेव्हा आम्ही वकिलीचा आव आणणार नाही. चित्रात, भिंतीवर, फलकावर दुसऱ्याचे शब्द घ्यावेत की नाही, हा आजचा विषय आहे. तो आम्ही निवडला, कारण या बाबतीत आम्ही स्वतः चुकलो आहोत.

सुमारे वीस वर्षांपूर्वी यंत्रमाग कामगारांचा मजुरीवाढीचा लढा चालू होता. आमच्या एका चित्रकार मित्राने भला मोठा कापडी फलक रंगवला. कांड्या भरणारी बाई, तिच्यामागे मागांची रांग आणि वर एका कवितेच्या चार ओळी. कविता आमच्याच एका सायझिंग कामगाराची, एका मासिकात छापून आलेली. आम्ही कवीला विचारले नाही, त्याचे नावही घातले नाही. शिवाय मूळ कवितेत 'थकलो' असा शब्द होता. तो सभेला मऊ वाटला, म्हणून आम्ही 'पेटलो' केला. पुढे त्याच चित्राची दिनदर्शिका छापली आणि लढ्याच्या निधीसाठी विकली.

एके दिवशी कवी कचेरीत आला. चहा घेतला आणि शांतपणे म्हणाला, "दादा, मालक आमचा घाम फुकट नेतो म्हणून तुम्ही भांडता. मग माझे शब्द कोणी नेले? आणि मी थकलो होतो हो. पेटलो नव्हतो."

बंधूंनो, मालकांच्या वकिलांना आम्ही पुष्कळ उत्तरे दिली आहेत. त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मग आम्ही कायदा उघडला. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. २१ जानेवारी १९५८ पासून तो अमलात आला. कविता कोणत्याही स्वरूपात पुन्हा उतरवण्याचा हक्क त्याने कवीला दिला आहे. कागदावर छापा, कापडावर रंगवा की दगडात कोरा, उतरवणे ते उतरवणेच. हा हक्क कवीच्या हयातीत असतो आणि मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. १९९२ च्या दुरुस्तीने ती वाढली.

आता हिशेब पाहा. तुकोबांचे अभंग सर्वांचे आहेत, खुशाल रंगवावेत. पण दिलीप चित्रे यांनी केलेली त्यांची इंग्रजी भाषांतरे तशी नाहीत. चित्रे २००९ साली गेले. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेले लेखन २०११ पासून मोकळे झाले. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले. या हिशेबाने त्यांच्या अशा लेखनाची मुदत २०२९ अखेर संपते. नारायण सुर्वे २०१० साली गेले. त्यांची मुदत २०७० पर्यंत. ज्यांची नावे घेतल्याशिवाय कामगारांची सभा पुरी होत नाही, त्यांचेच शब्द आपण न विचारता नेतो!

कोणी म्हणेल, "चार ओळींपर्यंत चालते." असा आकडा कायद्यात कोठेही नाही. आठ ओळींच्या कवितेतल्या चार ओळी म्हणजे निम्मी कविता झाली. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात घेण्याचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग आणि मूळ कृतीच्या बाजारावर होणारा परिणाम, असे चार निकष आहेत. ते लावून न्यायालय कोणताही वापर तोलू शकते. आपल्या कलम ५२ मध्ये मात्र सवलतींची यादीच दिली आहे: खाजगी वापर, अभ्यास, टीका वा परीक्षण, चालू घडामोडींचे वृत्त वगैरे. एखाद्या चित्रकाराने कवितेवर टीका करण्यासाठीच तिच्या ओळी चित्रात घेतल्या, तर त्याला बोलायला जागा आहे. पण चित्र उठावदार व्हावे म्हणून ओळी घेतल्या, तर नुसते 'ही कला आहे' म्हटल्याने सुटका होत नाही. आमचे काम पुण्याचे होते. तरीही त्या यादीत आम्हाला आमची जागा सापडली नाही.

याचा अर्थ सगळ्याला कुलूप लागले असा नाही. कल्पनेवर कोणाची मालकी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सांगितले. मागावरचे दुःख हा विषय कोणीही घ्यावा. मांडणी मात्र स्वतःची असावी.

राहिली शब्द बदलण्याची गोष्ट. कलम ५७ प्रमाणे कवीने हक्क विकला तरी नाव लावून घेण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाध येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून १९७९ साली उखडले गेले. ते सरकारविरुद्ध लढले आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना शिल्प परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. चित्रकारांनो, आपल्या कृतीला कोणी हात लावू नये असे आपल्याला वाटते ना? मग कवीला तसे वाटले, तर त्यात नवल काय?

शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली, तर आधी विचारतात आणि मग वाटी भरून परत करतात. शब्दांचेही तसेच करावे. आधी लेखी परवानगी घ्यावी, नाव घालावे, शब्द होता तसा ठेवावा आणि विक्री होत असेल तर वाटा द्यावा. कवी 'नको' म्हणाला, तर स्वतः चार शब्द जुळवावेत. वाईट जुळले तरी ते आपले असतील.

आम्ही फलक पुन्हा रंगवून घेतला. कवीचे नाव घातले, 'थकलो' परत आणले. दिनदर्शिकेच्या पैशातला वाटा काढून कवीला दिला. तो निधीला परत देईल असे आमच्या काही सोबत्यांना वाटले होते. त्याने पैसे मोजले आणि खिशात घातले. आम्हाला त्याचा आनंद झाला. मजुरी घेताना लाजू नये, हेच तर आम्ही आयुष्यभर सांगत आलो.