बाळासाठी नोकरी थांबवताना : सही करण्याआधी

आजचा विषय ऐकून काही दादा लोक मागच्या रांगेत सरकलेले दिसतायत. पुढे या. तुमच्याही पाच दिवसांच्या पगाराचा विषय आहे.

इथे दुबई-शारजात काम करणाऱ्या आपल्या बायका म्हणजे कोणी नर्स, कोणी पार्लरमध्ये, कोणी दुकानात काउंटरवर, कोणी साफसफाईच्या कंपनीत. दिवस राहिले की बऱ्याच जणींना पैशाच्याही आधी जागेची काळजी पडते. कंपनीच्या खोलीत बाळ ठेवू देत नाहीत, बेडस्पेसमध्ये तर विचारूच नका. दोघंही ड्युटीवर, मग बाळाकडे बघणार कोण? उरतात दोन वाटा. बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं की गावी आजीकडे ठेवायचं, नाहीतर आईने वर्ष-दोन वर्षं काम थांबवायचं. कुठली वाट बरोबर ते मी सांगणार नाही. आजीकडे ठेवलं तर ‘कसली ही आई’ म्हणणारे आणि नोकरी सोडली तर ‘कर्ज डोक्यावर असताना घरी बसली’ म्हणणारे, माणसं तीच असतात.

मला बोलायचंय ते एका कागदाबद्दल. सातवा-आठवा महिना लागला की ऑफिसातून कोणीतरी गोड बोलतं, “ताई, गावाला जाणारच आहात, तर राजीनामा लिहून द्या. बाळ मोठं झालं की या, आम्ही घेऊ.” आणि ताई सही करतात. त्या एका सहीत हक्काची रजा जाते.

२०२१ चा ३३ नंबरचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात खासगी नोकरीतल्या बाईला ६० दिवसांची बाळंतपणाची रजा आहे. पहिले ४५ दिवस पूर्ण पगार, पुढचे १५ दिवस अर्धा. जुन्या कायद्यात ४५ दिवसच होते, म्हणून अजूनही कोणी ४५ सांगतं, ते ऐकू नका. बाळंतपणामुळे आईचं किंवा बाळाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरचा कागद असला, तर आणखी ४५ दिवस बिनपगारी मिळतात. उरलेली वार्षिक रजाही याला जोडता येते. कामावर परतल्यावर, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत, दूध पाजायला रोज एक तास मिळतो, पगार न कापता. आणि गरोदर आहे म्हणून कामावरून काढणं किंवा काढायची धमकी देणं, दोन्हीला कायद्यात मनाई आहे.

घरकाम करणाऱ्या ताईंना मात्र हा कायदा लागू नाही, त्यांचा वेगळा आहे, २०२२ चा ९ नंबरचा. त्यांनी आपलं कॉन्ट्रॅक्ट घेऊन नंतर माझ्याकडे या, वेगळं बसू.

म्हणजे क्रम असा ठेवा : आधी रजा, मग राजीनामा. नोकरी सोडायचीच असली तरी रजा पूर्ण घ्या, नंतर ठरलेल्या मुदतीची नोटीस द्या. बाळंतपणाला भारतात जात असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर इथला साधा रेसिडेन्स व्हिसा संपतो. गावाकडे बारसं, जावळ करता करता सहा महिने कधी जातात कळत नाही.

आता ग्रॅच्युइटी. “राजीनामा दिला तर अर्धीअधिक कापतात,” हे प्रत्येक कॅम्पात ऐकू येतं. ते जुन्या कायद्याचं. आता स्वतः सोडलं तरी कापत नाहीत, फक्त एक वर्ष पूर्ण झालेलं हवं. पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी २१ दिवसांचा बेसिक पगार. समजा बेसिक २,००० दिरहम आणि नोकरी चार वर्षं. वर्षाला १,४००, म्हणजे चार वर्षांचे ५,६००. हिशेब बेसिकवर होतो, हातात येणाऱ्या पूर्ण पगारावर नाही, आणि बिनपगारी दिवस यात धरत नाहीत. नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. नाही मिळाले तर मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार करता येते. नोकरी गेल्यावर मिळणारा बेरोजगारी विमा मात्र स्वतः राजीनामा देणाऱ्याला मिळत नाही. घरखर्च मांडताना त्याच्यावर विसंबू नका.

दादा लोकांनो, आता तुमचं. बाळ झाल्यावर बापालाही पाच दिवसांची भरपगारी रजा आहे, सहा महिन्यांच्या आत कधीही घ्या. मागितली नाही तर कोणी आणून देत नाही. आणि बायकोने नोकरी सोडली की तिचा व्हिसाही जातो. ती तुमच्या व्हिसावर राहणार असेल तर तुमचा पगार ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची सोय, एवढा लागतो. शिवाय लग्नाचा नोंदणी दाखला. त्यावर भारतात परराष्ट्र मंत्रालयाचा आणि इथल्या देशाच्या दूतावासाचा शिक्का हवा. लग्नपत्रिका आणि फोटो चालत नाहीत. ही धावपळ सातव्या महिन्यात नको, आत्ताच गावाला फोन करून दाखला काढायला सांगा.

बाळ इथे जन्मलं तर १२० दिवसांत त्याचा व्हिसा, नाहीतर दंड. आणि एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्मनोंदणी, कारण त्याच्या नागरिकत्वाचा प्रश्न आहे.

ज्यांना दोन वर्षांनी परत कामावर यायचंय त्यांनी निघताना अनुभवाचा दाखला मागून घ्या. कंपनीने तो फुकट द्यायचा असतो, त्यात कामावर आल्याची आणि सोडल्याची तारीख, हुद्दा, शेवटचा पगार असतो, आणि तुमचं नाव खराब होईल असं काही लिहिता येत नाही. नर्स ताईंनी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी घरी असतानाही चालू ठेवा. दुसऱ्या मुलाखतीत मधली वर्षं कुठे होती विचारतील, तर सरळ सांगा, मूल वाढवत होते. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

बस, एवढंच. आता कॉन्ट्रॅक्ट फोनमध्ये असेल तर उघडा, बेसिक कुठे लिहिलंय ते आधी बघू.