आधी दिवस विचारा



नाणे मावळ, पवन मावळ आणि आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांच्या वतीने मी आपलं लोणावळ्यात मनापासून स्वागत करते. भात सध्या पोटरीत आहे. दुपारच्या पंगतीला इंद्रायणीचा भात आहे. हे वाण आमच्याच वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झालं, म्हणून ते आग्रहाने वाढणार आहोत.

व्यवसायविज्ञानाच्या पहिल्या पाठावर बोलायला आपण इथे जमलो आहोत. या पाठासाठी मावळ ही योग्य जागा आहे असं मला वाटतं, आणि त्याचं कारण इथून जवळच कार्ल्याच्या डोंगरात कोरलेलं आहे. एकवीरेच्या देवळाशेजारच्या त्या चैत्यगृहात शिरताना दाराशी जरा थांबा. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. धेनुकाकटचा सिंहदत्त हा गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा. त्याच गावचा सामी हा सुतार. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या माणसांनी दगडावर नाव कोरून घेताना शेजारी आपलं काम कोरून घेतलं. माणूस कोण, हे तो काय करतो यावरून कळतं, हे त्यांना कुणी शिकवलं नसेल. मी मात्र ते व्यवसायोपचाराची पदवी घेऊन दवाखाना थाटल्यानंतर शिकले, तेही एका पेशंटकडून.

पवन मावळातले एक आजोबा अर्धांगवायूनंतर माझ्याकडे येत. उजवा हात कामातून गेलेला. मी पुस्तकाप्रमाणे त्यांना लाकडी शंकू एकावर एक रचायला द्यायची, खुंट्या पटावर रोवायला द्यायची. ते निमूट करायचे. दीड महिना झाला तरी बोटांत म्हणावी तशी पकड येईना. एक दिवस त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, “ताई, आवणी सुरू झाली की हे बांधावर बसून रोपांच्या जुड्या बांधायचे. त्यांच्यासारखी जुडी गावात कुणाची नव्हती.” दुसऱ्या दिवशी मी ओला पेंढा मागवला. आजोबांनी डाव्या हाताने मूठ धरली आणि उजव्या हाताच्या बोटांनी बंध वळायला सुरुवात केली. पहिले चार सुटले. पाचवा टिकला. त्यांचे डोळे भरून आले आणि माझेही. त्यांचं वय, रक्तदाब, स्नायूंची ताकद सारं माझ्या कागदावर होतं. फक्त, “आजोबा, उजाडल्यापासून तुम्ही काय काय करायचात?” एवढं मी विचारलं नव्हतं. कारण विचारायचं असतं हे प्रथम वर्षात माझ्या मनावर कुणी ठसवलं नव्हतं.

व्यवसायविज्ञान हे त्या प्रश्नाचं शास्त्र आहे. माणसं दिवसभर काय करतात, कशी करतात, कुणासोबत आणि कशासाठी करतात, आणि करणं थांबलं की त्यांचं काय होतं, याचा अभ्यास. 1989 साली लॉस एंजेलिसच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात एलिझाबेथ यर्क्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला स्वतंत्र ज्ञानशाखेचं रूप दिलं. व्यवसायोपचार, म्हणजे रोजच्या कामांतून केले जाणारे उपचार, मात्र त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे आले होते. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विष्णू निंबकरांशी लग्न करून इथल्याच झालेल्या कमलाबाई निंबकरांनी 1950 मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची भारतातली पहिली शाळा काढली. 1952 मध्ये व्यवसायोपचारकांचा जागतिक महासंघ उभा राहिला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. या वारशाचा मला फार अभिमान आहे. म्हणूनच, शास्त्राची बाजूही आपण आपल्या मातीत नीट रुजवायला हवी असं मी कळकळीने सांगते.

पहिली अडचण शब्दाची. माझ्या पाटीवरचा ‘व्यवसायोपचार’ हा शब्द वाचून एक तरुण धंद्यासाठी कर्ज मिळेल का, अशी चौकशी करायला आत आला होता. त्याची काहीच चूक नव्हती. व्यवसाय म्हटलं की मराठी माणसाला पोटापाण्याचा धंदाच आठवतो. पण आपल्याकडे दुसरा एक शब्द आहे. पिठाचा डबा पालथा घालून बसलेल्या पोराला आई विचारते, “काय उद्योग चाललाय तुझा?” निवृत्त झालेल्या माणसाला शेजारी विचारतात, “मग आता काय उद्योग?” इथे उद्योग म्हणजे कारखानाही नाही आणि कमाईही नाही. वेळ भरून काढणारं, माणसाला गुंतवणारं जे काही असेल ते. या शास्त्राला जे म्हणायचं आहे ते आपल्या आया रोज बोलतात. अभ्यासक्रमात नाव कोणतंही ठेवा, पहिल्या तासाला फळ्यावर ‘उद्योग’ लिहा.

दुसरी गोष्ट उदाहरणांची. पाठ्यपुस्तकांत बर्फ उपसणारी आणि चर्चमध्ये गाणारी माणसं भेटतात. त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण आमच्या तळेगाव परिसरात गुलाबाची पॉलिहाऊस आहेत. फेब्रुवारीच्या आधी तिथल्या बायका तासन्‌तास उभ्या राहून फुलं काढतात, प्रतवारी करतात, गड्ड्या बांधतात. त्यानंतर घरी जाऊन चूल, पाणी, मुलांचा अभ्यास. 2019 च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार असा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाच्या रकान्यांत मांडला होता. बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, असं काम करणाऱ्या पुरुषांची 97. हा आकडा विद्यार्थ्याने पाठ करून उपयोग नाही. त्याने असेच रकाने आखून एका बाईचा दिवस तिच्याजवळ बसून लिहावा. मग तिची पाठ का दुखते हे त्याला क्ष-किरणाच्या फोटोआधी कळेल.

आणि पवना धरण. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांच्या नुकसानीचा हिशेब आपण एकरांत मांडतो. मी त्या कुटुंबांतल्या म्हाताऱ्यांशी बोलले आहे. ते एकर सांगत नाहीत. बैल धुणं सांगतात, खळ्यावरची रात्र सांगतात, नातवाला नांगर धरायला शिकवायचं राहून गेलं ते सांगतात. करण्याजोगं काम परिस्थितीने हिरावून घेतलं, तर शरीर धडधाकट असूनही माणूस खचतो. ऑस्ट्रेलियाच्या अॅन विल्कॉक आणि गेल व्हाइटफर्ड यांच्यासारख्या अभ्यासकांनी याला व्यवसायवंचितता म्हणून ओळखलं आणि तो आरोग्याइतकाच न्यायाचा प्रश्न मानला. मला हा या शास्त्राचा गाभा वाटतो. पहिल्या वर्षात बाकी काही राहिलं तरी चालेल, हे राहू नये.

निरखून पाहणं आणि मोजणं यांची सांगड घालायची परंपराही याच गावात आहे. 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी इथे कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रियांचा शरीरावरचा परिणाम उपकरणं लावून तपासला. रोजच्या साध्या करण्याकडे तितक्याच गंभीरपणे पाहायला आपल्याला काय हरकत आहे?

प्राध्यापक मंडळींना माझी एक विनंती आहे. शरीररचनेचं पुस्तक उघडण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने एका माणसासोबत उजाडल्यापासून निजेपर्यंत एक पुरा दिवस काढावा, तो लिहावा आणि त्याला परीक्षेत गुण असावेत. दोन दिवसांच्या चर्चेतून एवढा एक ठराव झाला तरी मी धन्य होईन. त्यासाठी आमच्या तिन्ही मावळांतली घरं उघडी आहेत. मुलांना कामशेत स्टेशनपर्यंत पाठवा. तिथून पुढे आम्ही घेऊन जाऊ. भाताची कापणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते.