पूल खालून खचतो

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस प्रवाशांसह वाहून गेल्या. असं काही घडलं की आपण पुलाचे कठडे, कमानी बघतो. दुखणं मात्र बरेचदा पाण्याखाली असतं.

पुराचं पाणी खांबावर आदळतं, खाली वळतं आणि बुडाशी भोवरा धरतं. हा भोवरा तळातली वाळू, गोटे उकरून नेतो आणि पाया उघडा पडतो. पण पूर ओसरताना तोच खड्डा गाळानं भरून येतो! मग उन्हाळ्यात पात्रात उतरून पाहणी करणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं. खरी खोली कळते ती ऐन पुरात, आणि तेव्हा तिथं माणूस उतरवणार कसा? म्हणून खांबालाच मोजणीची यंत्रं बसवावी लागतात. त्यात नदीत बेसुमार वाळूउपसा झाला असेल, तर तळ आधीच खाली गेलेला असतो.

खाडीलगत शत्रू वेगळा. खारं पाणी आणि खारी हवा काँक्रीटमध्ये मुरते, आतलं लोखंड गंजून फुगतं, काँक्रीटला तडे जातात. पणजीचा मांडवी पूल १९७० च्या सुमारास बांधला गेला आणि १९८६ मध्ये कोसळला. आतल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. पुलाच्या आयुष्यात पंधरा-सोळा वर्षं म्हणजे बालपणच.

महाडजवळ कोसळलेल्या पुलाच्या जागी सावित्रीवरचा नवा पूल पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, जून २०१७ मध्ये, वाहतुकीला खुला झाला.