तिचे तिने करावे म्हणून
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलीविषयी चार शब्द बोला, असा मंडळाचा निरोप आला, तेव्हा मी आधी मुलीलाच विचारले. ती पंधरा वर्षांची आहे. तिला न विचारता तिच्याविषयी बोलण्याचे दिवस आता गेले. तिने हे भाषण वाचले, दोन वाक्ये खोडली आणि मग परवानगी दिली.

तिला जन्मतःच ‘स्पायना बायफिडा’ आहे. म्हणजे पाठीचा कणा खालच्या बाजूस मिटायचा राहून गेला आणि आतली मज्जा उघडी पडली. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. पुढे डोक्यात पाणी साठू लागले, म्हणून ते पोटात उतरविणारी बारीक नळी बसविली. कॅलिपर आणि कुबड्या घेऊन ती चालते.

मी खाटेवरच होते, तेव्हा पहिला प्रश्न आला तो, “ग्रहणात काही चिरलेस का गं?” मी उत्तर दिले नाही. पण पुढे कित्येक दिवस गुपचूप पंचांग चाळीत होते, हे आज कबूल करते.

खरे म्हणजे गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत ही मज्जेची नळी मिटते. पाळी चुकल्याचे नीट ध्यानात येईतो ते काम आटोपलेले असते. कारणे पुष्कळ आहेत आणि सगळी आपल्या हाती नाहीत. पण फॉलिक अॅसिडची ०.४ मिलिग्रॅमची रोजची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून घेतली, तर धोका बराच कमी होतो. ज्यांना आधी असे मूल झाले आहे, त्यांना डॉक्टर याच्या दसपट मात्रा देतात. अशा स्त्रियांत हा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो, हे १९९१ साली मोठ्या पाहणीतून सिद्ध झाले. गंमत अशी, की या जीवनसत्त्वाचा माग आपल्या मुंबईतच लागला. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई तिथल्या गर्भार बायांचा पांडुरोग तपासीत होत्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. तेव्हा लेकीसुनांना ही गोळी लग्नानंतर लगेच सांगा, डोहाळजेवणापर्यंत थांबू नका.

आता मूळ गोष्ट. माझ्या मुलीला मूत्राशय भरल्याचे कळत नाही. दर चार तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते, नाहीतर मूत्रपिंडे बिघडतात. याला सगळे निर्जंतुक लागत नाही, साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते, हे अमेरिकेतील डॉक्टर लॅपिडिस यांनी १९७२ साली दाखवून दिले. म्हणजे ज्याचे त्याला करता येते. हे मला ठाऊक होते. तरी आठ वर्षे रोज मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन मीच ते केले. लोक कौतुक करीत, आणि ते मला आवडेही.

नववीत पन्हाळ्याची दोन दिवसांची सहल ठरली. मी म्हटले, मीही येते. ती म्हणाली, “मग मी नाही जात.” आणि खरोखरच गेली नाही. मैत्रिणी परत आल्या त्या संध्याकाळी तिने मला विचारले, “आई, माझी लघवी हे तुझे काम कसे झाले?”

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही परिचारिकेकडे गेलो. तिने हातात आरसा देऊन शिकविले. पहिले पंधरा दिवस कपडे ओले झाले, एकदा तापही आला. मी न्हाणीच्या दाराशी उभी राही, तर आतून आवाज येई, “आई, तुझे पाय दिसताहेत.”

माझ्या हाती ती सुखरूप असते, असा माझा समज होता. त्याच थंडीत तिचे पाय गार लागले म्हणून मी गरम पाण्याची पिशवी ठेवली. तिला पायांत संवेदना नाही, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक? टाचेला हा मोठा फोड आला, भरायला दोन महिने गेले. आता रोज रात्री आरशात तळवे तीच पाहते. डोके दुखून उलट्या झाल्या वा गुंगी आली, तर डोक्यातली नळी तुंबली असेल आणि तडक दवाखाना गाठायचा, हे तिनेच मैत्रिणींना सांगून ठेवले आहे. पाळी तिला लवकर आली, या मुलींना तशी येते. तेही ती सांभाळते. चुकते कधी. आपण कुठे चुकत नव्हतो?

माझ्या पर्समध्ये एक कोरी नळी आहे. कुणाला पाहायची असेल, तर चहाच्या वेळी दाखवीन. आज शिकवणीहून ती एकटी रिक्षाने घरी जाणार आहे, तेव्हा मला घाई नाही.