'मागे लागणे' : या वाक्याचा कर्ता कोण?

(महाड येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील मांडणीचा संक्षिप्त भाग.)



आज मला एका क्रियापदाविषयी बोलायचं आहे. महाड-पोलादपूर भागात काम करताना मुलींच्या तोंडून ते सतत ऐकू येतं. 'ताई, एक मुलगा मागे लागलाय.' मागे लागलाय म्हणजे काय करतो, असं विचारलं की उत्तर येतं, 'काही नाही, मागेच लागलाय.'

या 'काही नाही'मध्ये काय काय असतं बघा. सकाळी एसटी स्टँडवर तो उभा असतो. गाडीत मागच्या सीटवर बसतो. फाट्यावर तिच्याबरोबर उतरतो आणि वाडीकडे जाणाऱ्या पायवाटेनं मागे मागे येतो. मैत्रिणीकडून नंबर मिळवून रात्री मिस कॉल देतो. नंबर ब्लॉक केला तर दुसऱ्या सिमवरून देतो. हे महिनोन् महिने चालतं. भाषेत मात्र त्याचे दोनच शब्द होतात.

'लागणे' हे आपल्याकडे मोठं सोयीचं क्रियापद आहे. भूक लागते, नजर लागते, भूत लागतं. हे कुणी मुद्दाम करत नाही, ते होतं. 'मागे लागणे' त्याहून वेगळं, पण तेही सैलच. आई अभ्यासाच्या मागे लागते, कुत्रं मागे लागतं, आपण ग्रामसेवकाच्या मागे लागून दाखला काढतो. म्हणजे चिकाटीलाही हाच शब्द. मागे लागलं की काम होतं, हे मुलगा लहानपणापासून ऐकतो. दाखल्याच्या बाबतीत ते खरं आहे. पण मुलगी म्हणजे दाखला नव्हे.

आता कर्ता कोण ते पाहू. 'तो तिच्या मागे लागला' यात निदान कर्ता तो आहे. वाडीत बोभाटा झाला की वाक्य बदलतं : 'त्याला तिचं वेड लागलं.' इथे तो काही करत नाही. ताप यावा तसं त्याला काहीतरी झालं. आणखी चार दिवसांनी ऐकू येतं, 'तिनंच त्याला नादी लावलं.' आता कर्ता ती! घटना एकच, पण तीन वाक्यांत दोष त्याच्या अंगावरून तिच्या अंगावर आला.

वर्तमानपत्रांचा शब्द तर ठरलेलाच आहे : 'एकतर्फी प्रेम'. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला परीक्षा केंद्रातच जाळून मारलं, तेव्हा हाच शब्द. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला कॉलेजला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं, तेव्हाही हाच. तीस वर्षं गेली, शब्द तोच राहिला. प्रेम म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात मारणाऱ्याविषयी थोडी तरी कणव उभी राहते.

उल्हासनगरची घटना घडली त्याच १९९० साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं असा पिच्छा पुरवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. आपल्याकडे त्याला २०१३ साल उजाडावं लागलं. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर वर्मा समिती बसली आणि भारतीय दंडविधानात ३५४-ड हे कलम आलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. बाईनं स्पष्टपणे नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा तिचा पाठलाग करणं, संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं, तसंच तिच्या इंटरनेट, ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणं, हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पहिला गुन्हा मात्र जामीनपात्र आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पोक्सो कायदाही लागतो. सतत मागे जाणं, पाळत ठेवणं, संपर्क करणं त्याच्या कलम ११ मध्ये आहे.

कायदा 'पुन्हा पुन्हा' आणि 'स्पष्ट नकार' या दोन गोष्टी मागतो. 'मागे लागलाय' या दोन शब्दांत दोन्ही बुडून जातात. म्हणून तक्रार लिहिताना क्रियापद बदलायचं. कुठल्या दिवशी, कुठल्या गाडीला, कुठे उभा होता, काय म्हणाला, किती वेळा फोन केला, तिनं नको कधी आणि कुणासमोर सांगितलं, हे लिहायचं. मेसेज पुसायचे नाहीत. कलम ७८ ची तक्रार पीडितेनं दिली तर ती महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायची असते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. वकील हवा तर स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो.

पण मुली घरी सांगतच नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. सरकार खेड्यातल्या मुलीला बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट देतं. घरात कळलं की पहिल्यांदा तो पास बंद होतो, मग कॉलेज, आणि मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी आले की स्थळ. मागे तो लागला, वाट तिची बंद झाली. गावकीच्या बैठकीत 'मिटवलं' म्हणतात ते बहुतेक वेळा हेच.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कधी मुलीला मुलगा आवडत असतो, पण तो दुसऱ्या जातीचा असतो. मग घरचेच तिला सांगतात, 'मागे लागला होता म्हणून लिही.' अशा तक्रारीला आपण हात लावायचा नाही. तिचं नको हे जसं तिचं, तसं तिचं हवंही तिचंच. म्हणून मुलीशी आधी एकटीशी बोलायचं, आईबापांसमोर नाही.

आपण महाडमध्ये बसलो आहोत. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, हा मुंबई विधिमंडळाचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं १९२४ साली. पण माणसं चवदार तळ्यावर चालत जाऊन पाणी प्यायली ती २० मार्च १९२७ ला. कागदावरचा हक्क चालत जाऊन घ्यावा लागतो. स्टँडपासून वाडीपर्यंतचा रस्ताही सार्वजनिकच आहे. त्यावर मुलगी एकटी पडणार नाही, हे आपल्या गटांनी बघायचं. आठ दिवस चार बायका तिच्या गाडीला फाट्यावर उभ्या राहिल्या, तर कोण कुणाच्या मागे आहे हे त्या मुलालाही कळेल आणि वाडीलाही.